नव्या मत्स्यपेटीचें खारें पाणी

दिवाणखान्यांत मत्स्यपेटी ठेवण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. परंतु ती पेटी बहुधा गोड्या पाण्याची असे, आणि तींत दोन-चार सोनेरी मासे सोडले कीं मुलांचें समाधान होई. अलीकडे मुंबई-पुण्याकडील कित्येक घरीं खाऱ्या पाण्याची, म्हणजे समुद्रांतील माशांची पेटी दिसूं लागली आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारा क्लाउनफिश हें या हौसेचें मुख्य कारण होय. ज्या कुटुंबांत मासळीचें नांव उंबरठ्याबाहेरच राहत आलें, तेथें मासा थेट दिवाणखान्यांत मानानें येऊन बसावा, यांत थोडी गंमत आहे खरी. आमचे सारस्वत वाचक यास हंसतील, तर त्यांनीं खुशाल हंसावें.

परंतु या हौसेच्या पाठोपाठ एक तक्रारही सर्वत्र सारखीच ऐकूं येते. पेटी आणली, वाळू धुऊन घातली, मीठ विरघळविलें, दिवे लावले. पाणी स्फटिकासारखें निर्मळ दिसूं लागलें. मग रविवारीं चार मासे आणले, आणि पुढच्या रविवारापर्यंत ते एकामागून एक पोट वर करून तरंगूं लागले. दुकानदार म्हणतो, मासे प्रवासानें शिणले होते; घरांतील वडील मंडळी म्हणतात, हें पाप घरांत नकोच होतें; आणि मुलें रडतात. पाण्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं, कारण पाणी तर स्वच्छ आहे! वस्तुतः त्या पाण्याचें नवेपण हेंच बहुधा मृत्यूचें कारण असतें. गाळलेलें, निवळलेलें, तळ दाखविणारें पाणी तें शुद्ध, अशी आपली पिढ्यानपिढ्यांची समजूत आहे. खाऱ्या पाण्याच्या पेटींत ही समजूत जितकी फसवी, तितकी ती अन्यत्र क्वचितच असेल.

याचें कारण असें कीं, माशानें खाल्लेल्या प्रथिनांतील नत्र त्याच्या शरीरांतून मुख्यतः अमोनियाच्या रूपानें, आणि तोही बहुतांशीं कल्ल्यांवाटे, पाण्यांत उतरतो. न खाल्लेलें अन्न कुजलें तरी त्यापासून अमोनियाच होतो. समुद्रांत त्याची मातब्बरी नाहीं. परंतु आपली पेटी फार तर दीडशें लिटरांची. तींत एक ग्रॅम कोरडें खाद्य पडून सगळें कुजलें, तर दर लिटरमागें अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडा अधिक अमोनिया होतो, आणि तेवढाही माशाच्या कल्ल्यांस जाच करण्यास पुरतो. शिवाय खाऱ्या पाण्याची एक अधिक अडचण आहे. अमोनिया पाण्यांत दोन रूपांनीं असतो. एक विद्युद्भारित व बरेंच निरुपद्रवी, दुसरें मुक्त व विषारी. पाण्याचा पी-एच एका अंकानें चढला कीं विषारी रूपाचा वांटा जवळजवळ दहापट होतो. समुद्राच्या पाण्याचा पी-एच ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो, आणि तो तसाच राखावा लागतो. म्हणून गोड्या पाण्याच्या पेटींत जितका अमोनिया मासे कसेबसे सोसतात, तितकाच येथें त्यांचा जीव घेतो. या विषास रंग नाहीं, आणि इतक्या अल्प प्रमाणांत त्याचा वासही आपणांस येत नाहीं.

मग जुन्या पेटींतील मासे वर्षानुवर्षें जगतात कसे? या प्रश्नाचें उत्तर शास्त्रज्ञांस सांपडण्यास बराच काळ लागला, आणि तो इतिहास कौटुंबिक मासिकांत सांगण्याजोगा आहे. कारण त्याचा आरंभ एका घरांतील मोलकरणीच्या श्रमांपासून होतो.

लंडन शहरांत ॲना थिन नांवाची एक बाई होती. तिचा पति वेस्टमिन्स्टर येथील चर्चमध्यें उपाधिकारी होता. १८४६ सालीं ती टॉर्की येथील समुद्रकिनाऱ्यावर गेली असतां कांहीं जिवंत प्रवाळ आपल्याबरोबर लंडनास घेऊन आली. समुद्र दूर, ताजें पाणी आणवावें तर खर्च फार. तेव्हां तिनें युक्ति केली कीं, तेंच पाणी रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपुढें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत राहावें, म्हणजे त्यांत हवा मिसळेल. हें ओतण्याचें काम बाईसाहेबांनीं नव्हे, त्यांच्या मोलकरणीनें केलें. पुढें थिनबाईंनीं पाण्यांत सागरी वनस्पतीही ठेवल्या, आणि प्रवाळ जगले. त्या मोलकरणीचें नांव इतिहासांत राहिलें नाहीं. परंतु आज पेटीवर जो लहानसा पंप अहोरात्र बुडबुडे सोडीत असतो, तो तिच्याच हातांचें काम करीत आहे.

याच सुमारास लंडनमधील औषधिनिर्मात्यांच्या मंडळींत रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनज्ञ होता. त्यानें एका भांड्यांत दोन सोनेरी मासे व एक पाणवनस्पति ठेवली. वनस्पतीचीं कुजकीं पानें पाणी नासवूं लागलीं, तेव्हां तीं खाण्यास गोगलगाई सोडल्या. आणि मासे, वनस्पति व गोगलगाई मिळून एक संसार चालूं शकतो असें १८५० सालीं जाहीर केलें. पुढें त्यानें खाऱ्या पाण्याचेही प्रयोग केले. फिलिप हेन्री गॉस याच्या १८५४ सालच्या ग्रंथानें तर इंग्लंडांतील घरोघरीं सागरी पेट्यांचें वेड पसरलें. वॉरिंग्टनची समजूत अशी होती कीं, मासा जो वायु सोडतो तो वनस्पति घेते, वनस्पति जो सोडते तो मासा घेतो, आणि हिशेब मिटतो. समजूत खोटी नव्हती, पण हिशेब पुरा नव्हता. अमोनियाची रक्कम त्यांत धरलीच नव्हती.

ती पुढें फ्रान्समध्यें धरली गेली. श्लोझिंग व म्यून्ट्स या दोघां संशोधकांनीं १८७७ सालीं गटाराचें पाणी वाळू व खडू भरलेल्या एका लांब नळींतून हळूहळू झिरपविलें. पहिले वीस दिवस कांहींच झालें नाहीं. खालीं अमोनिया जसाच्या तसा येत राहिला. त्यानंतर एकाएकीं नायट्रेट दिसूं लागलें आणि अमोनिया नाहींसा झाला. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच ही क्रिया बंद पडली. मग बागेंतील मातीचें धोवण घातल्यावर ती पुनः सुरू झाली. अर्थात् हें काम निर्जीव रसायनाचें नसून वाळूस चिकटून राहणाऱ्या सजीवांचें होतें. आणि हे सजीव एका टप्प्यांत नव्हे, दोन टप्प्यांत काम करतात — अगोदर अमोनियाचें नायट्राइट, मग नायट्राइटचें नायट्रेट — हें ज्यानें इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत दाखवून दिलें, त्याचेंही नांव रॉबर्ट वॉरिंग्टनच. तो पहिल्या वॉरिंग्टनचा मुलगा! बापानें भांड्यांत जो हिशेब अपुरा ठेवला, तो मुलानें शेतांतील मातीच्या अभ्यासानें पुरा केला. हे जंतु वेगळे काढून वाढविण्यांत मात्र त्यास यश आलें नाहीं. तें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें मिळविलें. येवढ्यावर ही कथा संपत नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथील मत्स्यालयाच्या उष्ण सागरी पेटीच्या वाळूंतून अमोनिया खाणारा एक अगदीं निराळ्या कुळाचा सूक्ष्मजीव सांपडला. तो बॅक्टेरिया नसून आर्किया या प्राचीन वर्गांतला होता, आणि त्याचे भाऊबंद सर्व महासागरांत अपरिमित संख्येनें आहेत असें त्यानंतर दिसून आलें.

इतका इतिहास सांगण्याचें प्रयोजन त्या वीस दिवसांत आहे. नळींतील वाळू वीस दिवस निष्क्रिय कां होती? जंतूंची वसाहत वाढावयाची होती म्हणून. दुधाचें दहीं करणारे जंतु अनुकूल ऊब मिळतांच तासा-दीडतासांत दुप्पट होतात, म्हणून रात्रीं लावलेलें विरजण सकाळीं लागतें. पण हे नत्रभक्षक जंतु दुप्पट होण्यास बऱ्याचदां एक संबंध दिवस घेतात, आणि खाऱ्या पाण्यांत तर ते अधिकच मंद असतात. म्हणून नव्या पेटीचें पाणी तयार होण्यास चार ते सहा आठवडे, क्वचित् त्याहूनही अधिक काळ लागतो. या काळांत पेटी रिकामी ठेवण्यास घरांतील कोणीही राजी होत नाहीं, हीच खरी अडचण आहे. एवढा खर्च करून महिना-दीड महिना नुसतें पाणी काय पाहावयाचें, असें मुलें विचारतात. पूर्वीं या जंतूंचें पोषण व्हावें म्हणून एक-दोन चिवट मासे अगोदर सोडण्याची पद्धति होती; ते मेले तर मेले. आमच्या मतें ही पद्धति क्रूर आहे, आणि अनावश्यकही आहे. कारण जंतूंस मासा नको, अमोनिया हवा, आणि तो आपण हातानें देऊं शकतों.

त्यासाठीं लागणारा पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. कल्हईवाला तापल्या भांड्यांत चिमूटभर टाकून पांढरा धूर उडवितो तो नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड. दीडशें लिटर पाण्यांत एक ग्रॅम नवसागर विरघळविला कीं दर लिटरमागें सुमारें दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो, आणि आरंभास तेवढा पुरे. मात्र कल्हईवाल्याचा खडा येथें चालत नाहीं. त्यांत धातूंची भेसळ असण्याचा संभव असतो. रसायनांच्या दुकानांतून शुद्ध प्रतीचाच घ्यावा. प्रमाण चार-पांच मिलिग्रॅमांच्या वर नेल्यास लवकर फळ मिळण्याऐवजीं जंतूंचीच वाढ खुंटते.

विरजणही लावतां येतें. ज्यांच्या घरीं वर्ष-दोन वर्षांची निरोगी खारी पेटी आहे, त्यांच्याकडून मूठभर वाळू किंवा गाळणींतील स्पंजाचा तुकडा, त्यांच्याच पाण्यांत भिजत ठेवून, त्याच दिवशीं आणून आपल्या गाळणींत ठेवावा. सुकूं दिला तर व्यर्थ. नळाच्या पाण्यानें धुतला तरी व्यर्थ, कारण नळाच्या पाण्यांतील क्लोरिन जंतु मारण्यासाठींच घातलेला असतो. बाटलींतून मिळणारीं जंतूंचीं विरजणेंही आहेत. त्यांपैकीं कांहीं खरोखर उपयोगी पडतात, कांहीं पडत नाहींत. कोणतेंही घातलें तरी पाण्याची परीक्षा चुकत नाहीं.

ही परीक्षा थेंबांच्या औषधांनीं होते. लहान नळींत पाणी घेऊन त्यांत मोजके थेंब टाकावयाचे आणि उमटलेला रंग छापील पट्टीशीं ताडून पाहावयाचा; शाळकरी मुलांस हें काम फार आवडतें, आणि तें त्यांच्याकडेच सोंपवावें. एक वही घालून दर दोन दिवसांनीं तारखेपुढें अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पी-एच व उष्णमान लिहीत जावें. पहिल्या एक-दोन आठवड्यांत वहींत कांहींच घडत नाहीं. नंतर अमोनियाचा आंकडा उतरूं लागतो आणि नायट्राइटचा चढूं लागतो. हा चढ कधीं कधीं पट्टीवरील शेवटच्या गडद रंगापर्यंत जातो. येथें घाबरून सगळें पाणी बदलणारे पुष्कळ आहेत. घाबरण्याचें कारण नाहीं. पेटींत मासा नाहीं, आणि असता तरी समुद्राच्या पाण्यांतील विपुल क्लोराइडमुळें नायट्राइट माशाच्या रक्तांत सहसा शिरत नाहीं. अमोनिया हाच येथें मुख्य शत्रु. कांहीं दिवसांनीं नायट्राइटही ओसरतें. मग पुनः तितकाच नवसागर घालावा, आणि बरोबर चोवीस तासांनीं परीक्षा घ्यावी. अमोनिया व नायट्राइट दोन्हीं शून्य आलीं, तर पेटी तयार झाली असें समजावें; त्यापूर्वीं नव्हे, मग वहींत कितवाही दिवस असो.

या कामांत जंतु पाण्यांतील अल्कता खर्च करतात. दर मिलिग्रॅम नत्रामागें सुमारें सात मिलिग्रॅम चुनखडीच्या तोलाची. ती फार उतरली कीं पी-एच घसरतो आणि जंतूंचें काम थंडावतें. तेव्हां स्वयंपाकघरांतील खाण्याचा सोडा थोडथोडा, पाण्यांत विरघळवून घालतां येतो. दीडशें लिटरांत एका वेळीं सपाट चमचा पुरे. बेकिंग पावडर मात्र नव्हे. तींत आम्ल व पीठ असतें.

आतां मूळ पाण्याविषयीं. समुद्राचें पाणी म्हणजे मिठाचें पाणी, ही समजूत दूर करणें अवश्य आहे. उरण-भाईंदरकडील मिठागरें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस ठाऊकच असेल कीं, पाणी आटतां आटतां प्रथम चुन्याचे क्षार तळीं बसतात, नंतर मिठाचे खडे धरतात, आणि शेवटीं जें कडू पाणी उरतें त्यांत मॅग्नेशियमचे क्षार राहतात. म्हणजे ताटांतलें मीठ हा समुद्राचा मधला भाग झाला. त्याचें आरंभीचें व शेवटचें द्रव्य मिठागरांतच राहिलें. माशांस, आणि विशेषतः कवचाच्या प्राण्यांस, तें सर्व हवें असतें. 'चॅलेंजर' जहाजानें जगभरच्या समुद्रांतून आणलेले पाण्याचे ७७ नमुने डिटमार यानें तपासले, आणि खारेपणा कमी-अधिक असला तरी त्यांतील मुख्य क्षारांचें परस्पर प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच असतें असें १८८४ सालीं सिद्ध केलें. त्याच प्रमाणावर हल्लीं मत्स्यपेटीचें तयार मीठ बनवितात. दर किलो पाण्यांत ३५ ग्रॅम क्षार हें नैसर्गिक मान. दीडशें लिटरांस साडेपांच किलोंच्या आसपास मीठ लागतें. तें वेगळ्या पिंपांत, पंपानें पाणी ढवळीत, एक दिवस अगोदर विरघळवावें. विशिष्टगुरुत्व १.०२५ च्या आसपास यावें.

मीठ कशांत विरघळवावयाचें, यावर पुढील पुष्कळ सुखदुःख अवलंबून असतें. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्यांत आरंभींच नायट्रेट असूं शकतें. घरच्या शुद्धीकरण-यंत्राचें पाणी बरें. परंतु कित्येक यंत्रांत चवीकरितां कांहीं मूळ पाणी पुनः मिसळण्याची सोय असते, ती बंद करून घ्यावी. किनाऱ्यावरून घागर भरून आणण्याचा मोह मुंबईकरांनीं तरी आवरावा. शहराचें सांडपाणी आणि पावसाळ्यांतील गोडें, गढूळ पाणी त्यांत मिसळलेलें असतें. आणि घागरीवरून आठवलें: देवघरांत व माजघरांत जें तांबें आपणांस पवित्र, तें या पेटींत विष आहे. झिंगे, शंख, समुद्रफुलें यांसारख्या प्राण्यांस तांब्याचा अत्यल्प अंशही मारक होतो, आणि खारें पाणी तांब्या-पितळेस झपाट्यानें खातें. पेटीचें पाणी तांब्याच्या घागरींतून वाहूं नये, पितळी पातेल्यांत कालवूं नये, आणि कोणी श्रद्धेनें त्यांत तांब्याचें नाणें टाकलें तर तें तत्काळ काढावें.

पाणी आटतें तें गोडें आटतें. मीठ मागें राहतें. दीडशें लिटरांतून रोज दोन लिटर उडून गेले आणि आठवडाभर कोणीं पाहिलें नाहीं, तर ३५ चा खारेपणा ३८ च्या वर जातो. म्हणून कांचेवर शाईची रेघ ओढून रोज सकाळीं त्या रेघेपर्यंत गोडें शुद्ध पाणी घालावें. खारें घालणें ही नवख्यांची नेहमींची चूक. आमच्या उन्हाळ्यांत पाणी तापतें हीही चिंता आहे. २५ अंशांवर गोड्या पाण्यांत प्राणवायु लिटरमागें सव्वाआठ मिलिग्रॅम विरतो, तर समुद्राच्या पाण्यांत पावणेसातच. ३० अंशांवर तो सव्वासहापर्यंत उतरतो. पुण्याच्या कोरड्या हवेंत पेटीवर लहानसा पंखा लावल्यानें पाणी दोन-तीन अंश निवतें. मुंबईच्या दमट हवेंत तोच पंखा फारसा उपयोगी पडत नाहीं, कारण पाणी उडेल तेव्हां तें निवेल. वीज गेली असतां दिव्याची काळजी नको. परंतु हवेचा पंप इन्व्हर्टरवर अवश्य असावा. मासे आणि जंतु दोघेही तोच प्राणवायु वापरतात.

डांस मारण्याच्या वड्यांत, उदबत्त्यांत व बाटल्यांत जीं द्रव्यें असतात, तीं शेवंतीच्या कुळांतील एका फुलाच्या अर्काच्या धर्तीवर बनविलेलीं असतात. आपणांस तीं फारशीं बाधत नाहींत. माशांस व झिंग्यांस तीं अत्यंत विषारी आहेत, आणि हवेचा पंप खोलींतील हवा नेमकी पाण्यांतच नेऊन सोडतो. पेटी असलेल्या खोलींत मच्छरदाणी वापरावी हें उत्तम.

मासे आणतांना एकदम सगळे आणूं नयेत. जंतूंची वसाहत जेवढें अन्न मिळतें तेवढीच असते. दोन माशांपुरती असलेली वसाहत दिवाळीच्या सुटींत एकदम आणलेल्या आठ माशांचें ओझें उचलीत नाहीं. प्रथम एक जोडी, तीन आठवडे परीक्षा, मग पुढचा विचार. क्लाउनफिश घ्यावयाचा तर पैदास केलेलाच मागावा. आपल्या देशांत केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें त्याची पैदास साधली आहे, आणि खडकांतून पकडलेल्या माशापेक्षां पेटींतच जन्मलेला मासा पेटींत अधिक सुखानें राहतो. जिवंत प्रवाळ, प्रवाळाचे खडक व समुद्रघोडा यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचें संरक्षण आहे. दुकानदार कांहींही सांगो, तीं घरांत आणूं नयेत. जंतूंस राहण्यास चिनीमातीचे सच्छिद्र तुकडे पुरतात.

आतां एकत्र कुटुंबांतील सर्वांत नाजूक प्रश्न. नदीच्या घाटावर माशांस कणकेच्या गोळ्या घालणें हें आपल्याकडे पुण्यकर्म आहे, आणि तें घाटावर योग्यच आहे. परंतु सकाळीं आजोबा पूजा आटोपून घालतात, शाळेंत जातांना मुलें घालतात, दुपारीं निजण्यापूर्वीं आजी घालते, आणि सायंकाळीं कचेरींतून आलेल्या काकांस मासे भुकेलेले दिसतात! मासा तर जो कोणी कांचेजवळ येईल त्याच्याकडे तोंड उघडून धांवत जातो. तो त्याचा स्वभाव आहे, भुकेचा पुरावा नव्हे. यांत कोणाचा दोष काढतां येत नाहीं, कारण प्रत्येकजण प्रेमानेंच घालीत असतो. उपाय एकच: एकाच व्यक्तीनें, ठराविक वेळीं, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य घालावें, आणि घातल्याची खूण वहींत करावी. आजींस वाईट वाटूं द्यावयाचें नसेल, तर तो मान त्यांनाच द्यावा. घरांत दिवसभर असणारें व नेम न चुकणारें माणूस तेंच असतें. गोठविलेले झिंगे मात्र घरच्या शीतपेटींत दह्या-लोण्याशेजारीं ठेवण्याचा आग्रह धरूं नये. कोरड्या खाद्यावरही हे मासे चांगले राहतात. अर्थात् त्यांतही मासळीची भुकटी असते, हें सोवळें पाळणाऱ्यांनीं समजून असावें.

मासे स्थिरावल्यावर कांचेवर व वाळूवर तपकिरी थर धरूं लागतो. पाणी नासलें असें वाटून गृहिणी हातांत घासणी घेते. हे डायटम नांवाचे सूक्ष्म शैवाल असून नव्या पेटींत ते येतातच, आणि कांहीं आठवड्यांत बहुधा आपण होऊन कमी होतात. समोरची कांच पुसावी. वाळू उपसून, गाळणी नळाखालीं धुऊन सर्व लखलखीत करूं नये. तसें केल्यास महिना-दीड महिन्यांनीं वसलेली वसाहत एका दुपारीं उठते, आणि तिसऱ्या दिवशीं पेटी पुनः पहिल्या दिवसावर येते. गाळणीचा स्पंज पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत हलकेंच पिळावा.

शेवटीं उरतें तें नायट्रेट. तें सौम्य आहे, पण या जंतूंच्या सांखळींत त्याचा निकाल लागत नाहीं, म्हणून तें सांचत जातें. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून तितकेंच, त्याच खारेपणाचें व त्याच उष्णमानाचें नवें पाणी घालावें. दीडशें लिटरांस पंधरा लिटर म्हणजे एक बालदी. काढलेलें पाणी तुळशीस वा कुंड्यांस घालूं नये, झाडें मरतील.

गणपतीस सर्व कुटुंब कोंकणांत जाणार असेल, तर चार दिवसांपर्यंत मोठ्या माशांस उपास घडला तरी बाधा नाहीं. अधिक दिवसांकरितां शेजाऱ्यांस सांगावें. परंतु खाद्याचा डबा त्यांच्या हातीं देऊं नये. एकेका वेळेपुरतें खाद्य कागदाच्या पुड्यांत बांधून, वर तारीख घालून ठेवावें. डबा कपाटांत कुलूप लावून ठेवावा. रेघेपर्यंत भरावयाचें गोडें पाणी बाटल्यांत भरून पेटीशेजारीं मांडावें, आणि पंपाचें बटण कोणतें व पंख्याचें कोणतें हें चिठ्ठी चिकटवून दाखवावें.